यादीतली पहिली दहा नावं

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता मी चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी पोहे खात बसले होते आणि त्याच वेळी रेडिओवर बोलतही होते. जुनं रेकॉर्डिंग वाजत होतं असं नाही. जे ऐकू येत होतं ते मी आयुष्यात कधी बोललेच नव्हते. आमच्या एफएम स्टेशनने माझा आवाज मशीनला शिकवला होता आणि त्या दिवशी, चाचणी म्हणून, सकाळचा सगळा कार्यक्रम मशीनने माझ्या आवाजात चालवायचा होता. मला सुट्टी दिली होती. एकोणीस वर्षांत मंगळवारची सुट्टी कधी घेतलेली नसल्यामुळे पोह्यांवर लिंबू पिळायचं असतं हेसुद्धा मला सुचत नव्हतं.

समोर आई बसली होती. आई नागपूरकडची. बाबांच्या रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आली आणि पन्नास वर्षं इथे काढूनही तिने आपली बोली सोडली नाही. तिने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, एकदा फ्रिजवरच्या रेडिओकडे.

"तू इथं बसून खाऊन राहिली, अन् तिथं बोलून राहिली. काय भानगड होय वं हे?"

"मशीन होय आई. एआय म्हणतेत त्याले."

"तुयावानीच हासते."

हे मात्र खरं होतं. गाणं सुरू व्हायच्या आधी माझं एक अर्धवट हसू असतं. त्यावरून नवरा मला लग्नापासून चिडवत आलाय. तो बिलासपूरला नोकरीत आहे आणि शनिवार-रविवार घरी असतो, म्हणजे चिडवायला आठवड्याचे दोनच दिवस मिळतात, पण ते तो वाया घालवत नाही. तेच हसू मशीनने बरोबर उचललं होतं. मला राग यायला हवा होता का कौतुक वाटायला हवं होतं, कोण जाणे. मी नुसती ऐकत राहिले. आपण खरंच इतकं गोड बोलतो का, असाही एक विचार येऊन गेला.

"मंग आता तू काय करशीन?" आईने विचारलं.

तोच तर प्रश्न होता. माझ्या पर्समध्ये चार पानांचं करारपत्र घडी करून ठेवलेलं होतं. त्यावर सही केली की माझा आवाज कंपनीचा. मग सकाळचा कार्यक्रम मशीन करणार आणि मला 'ब्रँडचा चेहरा' बनवून तेलीबांधा तलावाच्या काठावर रील्स काढायला पाठवणार. सही नाही केली तर माझा चालू करार संपेपर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, मी बोलायचं. पुढे त्या वेळेला दुसरा कुठला तरी आवाज. थोडक्यात, सही केली तर आवाज राहील, मी नाही. नाही केली तर थोडे दिवस मी राहीन आणि मग दोन्ही नाही. येत्या सोमवारपर्यंत सांगायचं होतं. मी ती चार पानं पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, बढती देतायत. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा वाटलं, नारळ देतायत. त्यानंतरच्या प्रत्येक वाचनात डोकं जास्तच चक्रावलं.

आमचा प्रोग्रॅमिंग हेड इंदूरचा. तिशीतला, बोलायला मऊ, वाईट माणूस अजिबात नाही. करारपत्र देताना म्हणाला, "मॅम, आप तो अमर हो जाएँगी।" मी म्हटलं, "पण मी जिवंत आहे ना अजून?" हे मी चिडून मराठीत बोलले. त्याला समजलं नाही, तरी तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

त्याला तरी काय दोष द्यायचा? आमचा धंदाच गोंधळलेला आहे. मी नोकरीला लागले तेव्हा रायपुरात खाजगी एफएम नवं होतं. लोक फोन लावून अर्धा अर्धा तास लाइनीवर थांबायचे. गोलबाजारातले दुकानदार, फाफडीहचे ट्रान्सपोर्टवाले, बारावीच्या परीक्षेला बसलेल्या पोरी. एकदा एका ऑटोवाल्याने मी "यहीं रोक दीजिए भैया" म्हटल्यावर आवाज ओळखला आणि मागे वळून पाहण्याच्या नादात ऑटो दुभाजकावर चढवली. परवा एका कॅबमध्ये मी मुद्दाम मोठ्याने फोनवर बोलत बसले होते, मनात हे असंच काहीतरी होईल अशी लाचार आशा धरून. ड्रायव्हरने कानातला इअरफोन काढला आणि विचारलं, "कुछ कहा क्या मैडम?" गाडीतल्या स्क्रीनवर नकाशा होता, गाणी होती, पाठवलेले मेसेज होते. रेडिओ कुठे असेल तिथे असेल.

वरून सूचना यायच्या, त्याही एकमेकींशी भांडणाऱ्या. आधी सांगितलं, कमी बोला, गाणी वाढवा. मग सांगितलं, गाणी फोनवर फुकट आहेत, तुम्ही जास्त बोला. मग म्हणाले, बोलू नका, दिसा. मी शेहेचाळीस वर्षांची बाई, लहान पोरींचे कपडे घालून तलावाकाठी गोल गोल फिरले, त्याचा व्हिडिओ झाला, तो माझ्या मुलीच्या मैत्रिणींनी पाहिला. मुलगी कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. ती म्हणाली, "मम्मी, रेडियो खराब नहीं है। बस याद नहीं आता।" हे वाक्य मला कितीतरी दिवस टोचत राहिलं. वाईट असतो तर कोणी शिव्या तरी दिल्या असत्या.

या सगळ्यात एक गोष्ट जशीच्या तशी राहिली होती, ती म्हणजे अभनपूरचा श्रोता संघ. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे समजावून सांगावं लागेल. छत्तीसगढमध्ये गावोगाव, पारा-पाऱ्यात म्हणजे मोहल्ल्या-मोहल्ल्यात, रेडिओ ऐकणाऱ्यांचे संघ असतात. त्यांना अध्यक्ष असतो, बैठक असते, वर्षातून एकदा संमेलन असतं. संघ मिळून एका गाण्याची फर्माइश पाठवतो आणि खाली सगळ्या सभासदांची नावं लिहितो. गाणं कोणतंही चालतं. खरं सांगायचं तर गाणं हे निमित्त असतं, आपलं नाव रेडिओवर यावं हा मुद्दा असतो. अभनपूरच्या संघाची फर्माइश दर सोमवारी यायची आणि मी ती मंगळवारी वाचायची. पूर्वी पोस्टकार्डावर यायची, आता रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. अक्षर तेच, क्रमही तोच. यादीत त्रेचाळीस नावं होती.

त्यातली मी पहिली दहा वाचायची. दहा नावं झाली की श्वास घ्यायचा, "और संघ के सभी साथी" म्हणायचं आणि गाणं सोडायचं. हा माझा आळस नव्हता. नोकरीला लागल्यावर आम्हाला हेच शिकवलं होतं की नावं वाचत बसलं की लोक बटण फिरवतात. दहा हीसुद्धा मी भांडून मिळवलेली सवलत होती; नियम पाचाचा होता. एकोणीस वर्षं तीच दहा नावं घेऊन ती मला तोंडपाठ झाली होती. अकराव्या नावापासून खाली माझी नजर कधी गेली नाही. संघाने कधी तक्रारही केली नाही.

आता मशीनला हे कोण सांगणार? हेडने कार्यक्रमाचा सगळा मजकूर टाइप करवून घेतला होता, त्यात अभनपूरची यादी पूर्ण होती, आणि दहावर थांबायचं असतं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त माझ्या जिभेला माहीत होतं. मी पोह्यांचा शेवटचा घास घेत होते आणि रेडिओवर मी दहा नावं घेतली, मग अकरावं घेतलं. माझा हात थांबला. बारा, तेरा, चौदा. माझ्या आवाजात, धाप न लागता, न अडखळता, प्रत्येक नावावर सारखंच वजन देत मशीन पुढे पुढे जात राहिलं. शेवटी तर सात-आठ बायकांची नावं होती. यादीत बायका आहेत हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं.

"लय लांबवलं तू आज," आई म्हणाली.

त्यापायी दोन जाहिराती पुढे ढकलल्या गेल्या, एक कोचिंग क्लासची आणि एक साड्यांच्या दुकानाची. मशीनची फजिती झाली म्हणून मला आधी बरं वाटलं. कबूल करते, चांगलंच बरं वाटलं. आता कळेल यांना, असं मी मनात म्हटलं. पण दहा मिनिटांत माझा फोन वाजायला लागला आणि मग थांबेचना. सगळे आवाजी मेसेज अभनपूरहून. "दीदी, आज तो आपने कमाल कर दिया।" "दीदी, पहली बार मेरा नाम आया, पूरे घर ने सुना।" कोणी तरी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं होतं आणि ती क्लिप सगळीकडे फिरत होती. एका म्हाताऱ्या माणसाच्या मेसेजमध्ये शब्दच नव्हते, नुसतं हसणं आणि मागे कोणाचं तरी होकाराचं "हव, हव" होतं. मी ते सगळे ऐकले आणि एकालाही उत्तर दिलं नाही. थँक्यू म्हणावं तर खोटं, मी नव्हते म्हणावं तर त्यांच्या आनंदावर पाणी.

संध्याकाळी संघाच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष सत्तरीचे, अभनपूरच्या मंडीजवळ त्यांचं बारदानाचं दुकान आहे, धान भरायची पोती विकतात. म्हणाले, रविवारी आमचं वार्षिक संमेलन आहे, या वेळी तुम्हाला यावंच लागेल, शाल-श्रीफळ द्यायचं आहे. दर वर्षी ते बोलवायचे. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा गेले होते, नंतर नेहमी मिनिटभराचा शुभेच्छा संदेश रेकॉर्ड करून पाठवायची. या वेळी मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. अपराधी वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायलाही जावंसं वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी कशा वाटतात, मला माहीत नाही.

बुधवारी ऑफिसात हेडचा चेहरा पडलेला होता. पण त्याचं दुःख जाहिरातींचं होतं. "सॉरी मॅम, ग़लती हो गई। लिमिट लगा दी है। अब पाँच से ज़्यादा नाम नहीं पढ़ेगा।" म्हणजे मशीनही शहाणं झालं होतं. मी त्याला आलेले मेसेज ऐकवले. त्याने तीन ऐकले आणि म्हणाला, "देखा? लोगों को फ़र्क़ ही नहीं पता चला। साइन कर दीजिए मॅम।" मी फोन पर्समध्ये टाकला, करारपत्राशेजारी.

रविवारी मी अभनपूरची बस धरली. धानाची खरेदी सुरू होती, मंडीच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागली होती. संमेलन दुकानाच्या मागच्या अंगणात होतं. सतरंज्या अंथरल्या होत्या, एक माइक होता, पन्नासेक माणसं होती. माझ्या गळ्यात हार पडला, टाळ्या पडल्या, कोणी तरी ती क्लिप माइकला लावून पुन्हा ऐकवली. मी मान खाली घालून ऐकली. लोकांना तो विनय वाटला.

मग मला बोलायला सांगितलं. आता मी बोलून खाणारी बाई, पण त्या दिवशी भाषण तयार नव्हतं. म्हणून मी माझ्याजवळ जे हुकमी होतं ते काढलं. म्हटलं, तुमच्यातली काही नावं मला कागद न बघता येतात. मी एकेक नाव घेते, ज्याचं असेल त्याने हात वर करायचा. एवढ्या वर्षांची ओळख, आज चेहरे बघू द्या. लोक खूश झाले.

मी पहिलं नाव घेतलं. हात वर आला नाही. मला वाटलं उशिरा येणार असतील. दुसरं नाव अध्यक्षांचं, त्यांनी हात वर केला, टाळ्या झाल्या. तिसरं घेतलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. चौथं घेतलं. सतरंजीवर बसलेल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. मला काहीच कळेना. तोंडपाठ असलेली गोष्ट मधेच थांबवता येत नाही, म्हणून मी तशीच पुढे गेले, पाचवं, सहावं, आणि प्रत्येक नावानंतर थांबून, हसून, समोर हात शोधत राहिले. दहा नावांना चार हात वर आले.

अध्यक्ष माझ्याजवळ आले आणि माइकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "बाकी छह गुज़र गए दीदी। एक तो बारह साल पहले।"

"तो लिस्ट में..."

"हम लोग नाम काटते नहीं हैं। जो एक बार संघ में जुड़ा, सो जुड़ा। नए लोग नीचे जुड़ते जाते हैं।"

कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. उलट त्या पदर लावलेल्या बाई मला नंतर भेटून म्हणाल्या की तुम्ही दर मंगळवारी त्यांचं नाव घेता, घरात बरं वाटतं. मी मात्र अंगणातून पळून जावं अशा विचारात होते. एकोणीस वर्षं मी छाती काढून सांगत आले होते की रेडिओ म्हणजे जिवंत माणसाने जिवंत माणसाशी बोलणं. आणि मी दर मंगळवारी, मोठ्या आपुलकीने, गेलेल्या माणसांना सुप्रभात म्हणत होते. खाली जी माणसं रेडिओला कान लावून बसली होती त्यांच्यासाठी माझ्याकडे तीन शब्द होते, सभी साथी. त्यांची नावं पहिल्यांदा घेतली ती मशीनने, तीही चुकून.

मग त्यांनी मला शाल घातली. जे मी केलं नव्हतं त्यासाठी.

जेवणाआधी मी हात धुवायला आत गेले. स्वयंपाकघरात अध्यक्षांच्या पत्नी ताटांत ठेठरी-खुरमी, म्हणजे इथला खारा-गोड फराळ, लावत होत्या. पासष्टीच्या असतील, बारीक अंगाच्या. माझा हात धरून त्यांनी मला पाटावर बसवलं आणि सांगितलं की यादीतलं त्रेचाळीसावं, शेवटचं नाव त्यांचं आहे. संघ स्थापन झाला तेव्हापासून बैठकीचा चहा त्या करतात. रजिस्टरमध्ये नाव यायला वीस वर्षं लागली आणि रेडिओवर यायला मागचा मंगळवार. "दाई-ददा के बाद कोनो मोर नांव नइ लेवय बेटी," त्या म्हणाल्या. आई-बापांनंतर त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं; सगळ्यांसाठी त्या अमक्याची आई, तमक्याची काकू. नवरा तर "सुनती हो" म्हणूनच हाक मारतो.

मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. म्हटलं, काकी, ती मी नव्हते. मी घरी नाश्ता करत होते. मशीनने माझ्या आवाजात वाचलं. मी वाचलं असतं तर दहावर थांबले असते.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हात सोडतील. पण त्या ताटं लावायला वळल्या आणि सहज म्हणाल्या, "मशीन होही बेटी, फेर नांव त मोरेच रिहिस न?"

मशीन असेल, पण नाव तर माझंच होतं ना. मी खुरमी खाल्ली. चांगली झाली होती.

घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. शाल सोफ्यावर टाकली आणि तशीच बसून राहिले. आई म्हणाली, "काहून गप हायेस वं? शाल भेटली ना?"

"मी एवढे वर्षं मेलेल्यायले नमस्कार घालून राहिली होती आई."

तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, भाजी निवडत. मग म्हणाली, "मंग जित्यायले घाल आता. तुले कोनं अडवलं?"

आईचं असंच असतं. मी चार पानं पुन्हा पुन्हा वाचून जे समजत नव्हतं ते तिने मेथीच्या जुडीवर सोडवून टाकलं. म्हणजे तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

सोमवारी मी करारपत्र हेडच्या टेबलावर ठेवलं, सही न करता. तो म्हणाला, "ओके मॅम। कोई प्रेशर नहीं। पर वजह?" मी म्हटलं, "पता नहीं।" खरंच नव्हतं माहीत. तत्त्वाचं काही नव्हतं. मशीनने पाच नावं वाचावीत आणि तीही पहिली पाच, ज्यातले चार गेलेले, माझ्या आवाजात, हे मला नको होतं, एवढंच. आणि त्याच्याही आत एक क्षुल्लक गोष्ट होती. मला मशीनपेक्षा चांगलं वाचून दाखवायचं होतं. होळीनंतरचं होळीनंतर.

यादी फोटोत आली होती, तीच. मी ती कागदावर उतरवून घेतली आणि घरी तीनदा मोठ्याने वाचली. मुलगी म्हणाली, "मम्मी, एग्ज़ाम है क्या आपका?" मी संघाला काही कळवलं नाही. चकित करायचं होतं मला त्यांना.

मंगळवारी साडेनऊला मी माइक उघडला आणि यादी खालून वर वाचायला घेतली. सर्वांत आधी काकींचं नाव. मग बाकीच्या बायका, मग गेल्या वर्षी आलेले नवे, मग लाँड्रीवाले, सायकलदुरुस्तीवाले, पंचायतीतले बाबू. प्रत्येक नावाला मी थोडी थांबत होते. रविवारचा चेहरा आठवला तर आवाज आपोआप बदलत होता. दोन ठिकाणी अडखळले, एकदा खोकला आला. शेवटी वरची दहा आली आणि त्यातल्या सहांची नावं घेताना आवाज जरा जड झाला, तो मी होऊ दिला. तीन मिनिटं लागली. साडीच्या दुकानाची जाहिरात हुकली. हेड काचेपलीकडे उभा होता, त्याने कपाळावर हात मारला आणि निघून गेला. मला इतकं समाधान कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. म्हटलं, बघा आता. मशीन हे करू शकत नाही.

अकराला कार्यक्रम संपला. फोन पाहिला. अभनपूरहून काही नव्हतं. नेटवर्क नसेल म्हणून मी फोन बंद करून पुन्हा चालू केला. बँकेचा मेसेज आला, नवऱ्याने पाठवलेलं सुविचाराचं चित्र आलं. साडेअकरापर्यंत वाट पाहिली. मग राहवेना, स्टेशनच्या जिन्यात जाऊन मीच अध्यक्षांना फोन लावला.

"अरे दीदी! आप!" आवाजात नेहमीचाच आनंद.

"आज सुना आपने?"

"आज?" ते थांबले. "अरे, आज मंगलवार है! नहीं दीदी, आज रेडियो नहीं लगाया। अब वो क्लिप मोबाइल में है न, स्पीकर में वही लगा लेते हैं। संघ का कोई दुकान आया कि लगा दिया। रेडियो में तो दस ही नाम आते हैं, इसमें पूरे हैं।"

तक्रार नव्हती. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते हे बोलले आणि तेही माझी स्तुती करण्यासाठी. आज मी सगळी नावं घेतली, खालून वर घेतली, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि तेव्हा मला त्यांच्या मागे दुकानात चाललेलं बोलणं ऐकू आलं. मीच बोलत होते. एकतिसावं नाव, बत्तिसावं, तेहेतिसावं. न थांबता, न खोकता.

"अभी भी लगा है?" मी विचारलं.

"हाँ, लाँड्री वाले आए हैं न।" मग ते घाईने म्हणाले, "दीदी, एक मिनट रुकिए, फ़ोन मत रखिए। घर से ये भी आई हैं, इनका नाम आने वाला है।"

त्यांनी फोन तसाच हातात धरला असावा. मी जिन्यात उभी होते. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, मात्र तो हेडवर होता, मशीनवर होता की स्वतःवर, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. सही केली नव्हती तरी माझा आवाज केव्हाच अभनपूरला जाऊन राहिला होता आणि तिथे त्याला माझी गरज नव्हती. फोन ठेवून देता आला असता. पण पलीकडे काकी ऐकत होत्या, त्यांच्या मधे बोलणं बरं दिसलं नसतं. शेवटचं नाव होईपर्यंत मी गप्प उभी राहिले.